पाकटाच्या शेपट्या आणि आपल्या बांधावरचा साप



गावात केबल आली त्या काळात टीव्हीवर एक गोरा माणूस आपल्या पोराबाळांच्या चांगलाच ओळखीचा झाला होता. अंगात खाकी सदरा, खाकी अर्धी चड्डी, आणि समोर मगर असो की विषारी साप, हा गडी सरळ त्याच्या अंगावर धाव घेणार! नाव स्टीव्ह आयर्विन. गाव ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातले. त्याची भाषा आपल्यातल्या किती जणांना कळत होती हा भाग वेगळा. पण जनावर दिसले की त्याला होणारा आनंद मात्र सगळ्यांना कळायचा.

हा माणूस ४ सप्टेंबर २००६ रोजी गेला. त्याच्या जाण्यानंतर लोक जे वागले त्यात खान्देशातल्या शेतकऱ्याने घेण्यासारखा एक धडा आहे. म्हणून आज हा विषय घेतला. खरिपात साप निघतात, तेव्हा हा धडा उपयोगी पडतो.

मगरीने नाही, माशाने नेले

स्टीव्हचा जन्म १९६२ चा. आई-वडिलांनी १९७० साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक लहानसे उद्यान काढले होते, त्यातच तो वाढला. पुढे ‘क्रोकोडाईल हंटर’ या मालिकेने त्याला जगभर पोचवले. मगरी पकडून सुरक्षित जागी हलवणे हे त्याचे खरे काम. मिळालेल्या पैशातून जमीन घेऊन ती वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवणे हा त्याचा ध्यास.

मृत्यूच्या दिवशी तो समुद्रातल्या धोकादायक प्राण्यांवर चित्रपट करत होता. हवा खराब असल्याने मुख्य काम थांबले, तेव्हा आठ वर्षांच्या मुलीच्या कार्यक्रमासाठी दोन-चार दृश्ये घेऊ म्हणून तो उथळ पाण्यात उतरला. तिथे एक मोठा पाकट होता. पाकट म्हणजे सुपासारखा चपटा मासा, कोकणात कोळी लोक त्याला याच नावाने ओळखतात. त्याच्या शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा असतो. आपल्याला कोंडीत पकडले असे माशाला वाटले असावे. त्याने शेपटी मारली, काटा छातीत गेला आणि ४४ वर्षांचा धडधाकट माणूस जागीच संपला.

पाकट स्वतःहून माणसाच्या मागे लागत नाही. पाकटाच्या काट्याने माणूस दगावल्याच्या घटना जगात अगदी मोजक्या आहेत.

लोक कसे वागले?

बातमी पसरताच त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात फुलांचा ढीग लागला. लोकांनी खाकी सदऱ्यांवर निरोप लिहून ते तिथे टांगले. सरकारने शासकीय इतमामात अंत्यविधी करण्याची तयारी दाखवली. घरच्यांनी नको म्हटले. तो साधा माणूस होता, साधेपणानेच जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. २० सप्टेंबरला जाहीर शोकसभा झाली. साडेपाच हजारांच्या आसपास माणसे, खुद्द पंतप्रधान जॉन हॉवर्ड हजर. छोट्या बिंदीने न अडखळता वडिलांबद्दल चार शब्द वाचले, तेव्हा टीव्हीपुढे बसलेल्या अनेकांचे डोळे भरून आले. चाहत्यांनी त्याच्या संस्थेला देणग्याही पाठवल्या.

उलट बोलणारेही निघाले. जर्मेन ग्रीअर या नामवंत ऑस्ट्रेलियन लेखिकेने लगेच लिहिले की प्राण्यांना असे छेडणाऱ्यावर प्राणिसृष्टीने सूड उगवला. तिच्यावर लोक तुटून पडले. माणूस गेला, त्याची चिता थंड होईपर्यंत तरी थांबायचे होते, हे आपणही म्हटले असते. पण तिचा प्रश्न सगळाच खोटा नव्हता. जंगली जनावराच्या इतके जवळ जाऊन दाखवावे काय?

मग झाली ती खरी लाजिरवाणी गोष्ट. पुढच्या काही दिवसांत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर मेलेले पाकट सापडू लागले. निदान दहा तरी होते आणि त्यातल्या काहींच्या शेपट्या छाटलेल्या होत्या. आपल्या लाडक्या माणसाचा सूड म्हणून कोणीतरी हे केले असावे, असा सगळ्यांचा समज झाला. ज्याने आयुष्यभर ‘जनावराला मारू नका’ म्हणून घसा कोरडा केला, त्याच्याच नावाने जनावरे कापली गेली! शेवटी त्याच्या संस्थेला जाहीर सांगावे लागले की बाबांनो, स्टीव्हला हे कधीच आवडले नसते.

हसू नका, आपणही तेच करतो

वावरात कोणाला साप चावला की पहिली आरोळी कसली असते? ‘साप कुठे गेला? मारा त्याला!’ आठ-दहा तरणी पोरे काठ्या घेऊन बांध उकरत बसतात, पऱ्हाट्यांचा ढीग उलटापालटा करतात. तिकडे चावलेला माणूस बाजेवर तसाच पडलेला. अर्धा-पाऊण तास यात जातो. जो वेळ माणसाला वाचवतो, तोच आपण सूड घेण्यात घालवतो. बरे, मारलेला साप चावणारा तोच होता याची तरी कुठे खात्री? पुष्कळदा बळी जाते बिचारी धामण, जी आपल्या कणग्यांतले उंदीर खाते. नागपंचमीला दूध-लाह्या आणि दुसऱ्या दिवशी काठी, असा आपला न्याय.

साप डॉक्टरला दाखवायला लागतो, असे काही जण म्हणतात. ते तसे नाही. आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी दवाखान्यातली सर्पविषावरची लस या चौघांवर एकच असते. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशासारखे विष अंगात भिनल्याचे कळते. डॉक्टर नुसते थांबून का राहिले, म्हणून दवाखान्यात आरडाओरड करणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती लस येते सापाच्याच विषातून. तमिळनाडूतील इरुला या आदिवासी साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला परत सोडून देतात. ते विष थोडे थोडे घोड्याला टोचून त्याच्या रक्तापासून लस तयार होते. या समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. साप जिवंत आहे म्हणून सापावरचे औषध आहे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

आता कोणी म्हणेल, मग चाळीसगावच्या बिबट्याचे काय? २०१७ च्या अखेरीस त्या तालुक्यात माणसांचे बळी गेले आणि डिसेंबरमध्ये बिबट्याला गोळी घालावी लागली. ते दुःख खरे आणि लोकांचा संतापही खरा. पण तिथे वारंवार हल्ले होत होते आणि निर्णय वनखात्याने घेतला. धोका थांबवणे वेगळे आणि दिसेल त्या जनावरावर राग काढणे वेगळे.

हातात साप, समोर मोबाईल

सुडाइतकाच घातक दुसरा रोग म्हणजे तमाशा. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. केरळात वावा सुरेश हा साप पकडणारा टीव्हीमुळे घराघरांत पोचलेला. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायम जिल्ह्यात नागाला पोत्यात घालताना त्याच्या मांडीला दंश झाला. लोकांनी देव पाण्यात ठेवले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी लस देऊन त्याला वाचवले. वाचल्यावर मात्र वाद पेटला. काठी-आकडा न वापरता, गर्दीपुढे, नुसत्या हाताने साप का धरायचा? केरळच्या वनखात्याने त्याआधीच साप पकडणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणे सुरू केले होते.

आपल्याकडेही चांगले, जबाबदार सर्पमित्र आहेत. रात्री दोन वाजता बोलावले तरी येतात. त्यांचा मान ठेवा. पण गळ्यात नाग घालून फोटो काढणारा, सापाचा मुका घेणारा पोरगा सर्पमित्र नव्हे. असे करताना जीव गमावल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणे जसा गुन्हा, तसे त्याला पकडून खेळ करणेही गुन्हाच. आणि टाळ्या वाजवणारे आपण असतो, म्हणून त्याला चेव येतो. स्टीव्हच्या शेवटच्या क्षणांचे चित्रीकरण झाले होते. घरच्यांनी ते लोकांना कधीच दाखवू दिले नाही. आपण मात्र तडफडणाऱ्या माणसाचे मोबाईलवर शूटिंग करतो. तो मोबाईल १०८ ला लावा.

दंश झाला तर

भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. पण आराखडा दिल्लीत आणि साप आपल्या वावरात. तेव्हा एवढे करा:

१. साप शोधू नका. माणसाला सापापासून दूर न्या आणि धीर द्या. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा.

२. चावलेल्या हाताची अंगठी, कडे, बांगडी किंवा पायातले पैंजण लगेच काढा. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी बांधून हात-पाय स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका.

३. दोरी करकचून आवळू नका. ब्लेडने चिरा देऊ नका. तोंडाने विष ओढू नका.

४. भगताकडे, मंत्र टाकणाऱ्याकडे वेळ घालवू नका. बिनविषारी साप चावला की मंत्र ‘लागू पडतो’, एवढेच त्याचे गुपित.

५. गाडी मिळत नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून सरकारी दवाखाना गाठा.

मण्यारीची एक गोष्ट वेगळी सांगतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. ना सूज, ना फार दुखणे, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. असे दिसले तर अपचन समजून सोडा-लिंबू देत बसू नका.

दंश होऊच नये म्हणून

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागेत खाली वाळलेल्या पानांचा थर असतो. तिथे आणि शिरपूर, शिंदखेड्याकडे कपाशीत रात्रीची लाईन आली की अंधारात पाणी भरायला जावेच लागते. अशा वेळी पायात गमबूट, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी हवीच. गमबुटाची किंमत एका फवारणीइतकीही नसेल. रात्री शक्यतो एकट्याने जाऊ नका. पऱ्हाट्या, कडबा, सरपण घराच्या भिंतीला लागून रचू नका. तिथे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. ढिगात हात घालण्याआधी काठीने आवाज करा. बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, तलाठी यांना विनंती आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, हे पावसाळ्याआधी विचारून घ्या आणि दवाखान्याचे व वनखात्याचे फोन नंबर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. सर्पदंशाने शेतकरी किंवा त्याच्या घरातील माणूस दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांची मदत बसते. पण पंचनामा आणि शवविच्छेदन नसल्यामुळे प्रकरणे अडतात. दुःखात घरच्यांना हे सुचत नाही, ते तुम्ही बघा. अर्ज वेळेत तालुका कृषी कार्यालयात पोचवा.

आपल्या महाराष्ट्रातला जंगलाचा मोठा जाणकार मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. जनावरांवर प्रेम करणाऱ्या माणसाला निरोप द्यायची ही रीत चांगली. त्याने जे ओळखायला शिकवले, ते आपण ओळखायला शिकायचे.

येत्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्या, मंडळी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि वनरक्षकाला बोलवा. चार विषारी साप कोणते, हे चित्र दाखवून बायाबापड्यांना आणि शाळेच्या पोरांनाही समजावून द्या. आणि पुढच्या वेळी ‘साप चावला’ अशी आरोळी आली, तर काठीकडे धावण्याआधी गाडी काढा.