आपल्या वरणातलं मोझांबिक

वाण्याकडे तूरडाळीचा भाव विचारला की आपल्या कपाळावर आठी पडते. भाव चढला की आमटी पातळ होते आणि भाव कोसळला की तूर पिकवणाऱ्या घरात काळजी शिरते. पण मैत्रिणींनो, आपल्या देशात शिजणाऱ्या या डाळीतली थोडीफार समुद्रापलीकडून येते, हे किती जणींना माहीत आहे?

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर मोझांबिक नावाचा देश आहे. महाराष्ट्राच्या अडीचपट मोठा, लोकवस्ती मात्र साडेतीन कोटींच्या आसपास. तिथल्या झांबेझिया आणि नाम्पुला प्रांतांतले छोटे शेतकरी तूर पिकवतात आणि त्यातली बहुतेक जहाजाने भारतात येते. गंमत म्हणजे तिथले लोक स्वतः ती फारशी खात नाहीत. मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, कसाव्याचा पाला कुटून शेंगदाण्याचं कूट आणि नारळाच्या दुधात शिजवलेली 'मातापा' नावाची भाजी, हे त्यांचं जेवण. तूर पिकते ती आपल्यासाठी.

या देशाशी आपलं नातं जुनं आहे. मोझांबिकही गोव्यासारखीच पोर्तुगिजांची वसाहत, आणि १७५२ पर्यंत तिचा कारभार चक्क गोव्याहून चालायचा. पुढेही कितीतरी गोवेकर तिथे नोकरी-व्यवसायासाठी गेले. देश स्वतंत्र झाल्यावर पहिले अध्यक्ष सामोरा माशेल यांचे एक जवळचे सल्लागार होते आकिनो द ब्रागान्सा, मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. १९८६ साली माशेल यांच्याबरोबर विमान अपघातातच त्यांचा अंत झाला.

२५ जून १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं, पण सुख मिळालं नाही. १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चाललं. शाळा, दवाखाने, रस्ते उद्ध्वस्त झाले. शेतांत सुरुंग पेरले गेले. ते काढता काढता २०१५ साल उजाडलं, तेव्हा कुठे देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. या कामात वासावरून सुरुंग हुडकणारे मोठे शिकवलेले उंदीरही होते! जिथे बाई सरपणाला जायला घाबरत होती तिथे ती पुन्हा निर्धास्तपणे कुदळ मारू लागली, ही केवढी मोठी गोष्ट.

भाव ठरतो दूर, फटका बसतो घरात

आता तुरीचीच गोष्ट बघा. २०१६ मध्ये आपल्याकडे डाळी कडाडल्या होत्या. त्या वर्षी जुलैत भारताने मोझांबिकशी पाच वर्षांचा करार केला, टप्प्याटप्प्याने वर्षाला २ लाख टनांपर्यंत तूर घेण्याचा. तिकडच्या शेतकऱ्यांनी उमेदीने पेरणी वाढवली. पण पुढच्याच हंगामात आपल्याकडे तुरीचं अमाप पीक आलं. २०१७ चा तो उन्हाळा आठवतो ना? खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा आणि आत बारदान नाही. सरकारने ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा घातली आणि मोझांबिकमध्ये तुरीचा भाव साफ कोसळला. विदर्भ-मराठवाड्यातली शेतकरीण आणि झांबेझियातली शेतकरीण एकाच वर्षी, एकाच डाळीपायी रडली. पुढे २०२१ मध्ये कराराची मुदत वाढवण्यात आली.

काजूची कथा याहून कडू आहे. काजूचं झाड ब्राझीलहून गोव्यात आणि मोझांबिकमध्ये आणलं पोर्तुगिजांनीच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात मोझांबिक जगात पुढे होता. कारखाने होते आणि त्यांत काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. युद्धात हा धंदा मोडला. युद्धानंतर कारखाने पुन्हा उभे राहत होते, तेवढ्यात १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेने कर्जाबरोबर अट घातली. कच्च्या काजूच्या निर्यातीवरचा कर कमी करा, म्हणजे शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असं त्यांचं म्हणणं. झालं भलतंच. कच्चा काजू भारतात जाऊ लागला, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. शेतकऱ्याच्या पदरातही फारसं काही पडलं नाही. १९९९ मध्ये तिथल्या संसदेने कर पुन्हा वाढवला. त्यानंतर नाम्पुला भागात लहान लहान कारखाने हळूहळू उभे राहिले.

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांतही बायकाच बी फोडतात. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी कशी सोलते, ते त्यांना विचारा. इकडच्या बाईला मिळालेलं काम तिकडच्या बाईच्या हातून सुटलेलं असू शकतं. दोष दोघींचाही नाही. पण निर्णय घेताना दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

त्यांची भिशी, त्यांचा फोन

तरी या बायका हात बांधून बसलेल्या नाहीत. मोझांबिकमध्ये 'शितीक' नावाचा प्रकार घरोघरी चालतो. दहा-बारा जणी दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी देतात. म्हणजे आपली भिशीच की! आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर एक मावशी म्हणाल्या, "बाई गं, तिकडे पण नवऱ्यापासून पैसे लपवायला लागतात म्हणायचं!" सगळ्या हसल्या. पण हसण्यात खरं होतं.

राजधानी मापुतोकडच्या कितीतरी बायका सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत जातात, कांदे, बटाटे, अंडी, कपडे खरेदी करून आणतात आणि बाजारात विकतात. त्यांना 'मुकेरिस्ता' म्हणतात. युद्धाच्या टंचाईत हा व्यवसाय वाढला. रात्रीचा प्रवास, सीमेवर जकातीची कटकट, माल जप्त होण्याची भीती, आणि घरी पोरं. आपल्या आठवडी बाजारातल्या भाजीवालीला हे वेगळं सांगायला नको.

अशा बाईच्या हाती मोबाइल आला तेव्हा काय झालं? तिथे मोबाइल सेवा १९९७ मध्ये सरकारी कंपनीने सुरू केली. २००३ मध्ये व्होडाकॉम आली आणि २०१२ मध्ये व्हिएतनामच्या भागीदारीतली मोव्हिटेल. मोव्हिटेलने शहरांवर न थांबता खेड्यापाड्यांत मनोरे उभे केले. खरा बदल घडला तो फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले तेव्हा. व्होडाकॉमची एम-पेसा ही सेवा तिथे २०१३ मध्ये आली. केनियात ती २००७ पासूनच होती. 'पेसा' म्हणजे स्वाहिली भाषेत पैसे, उच्चारही जवळपास आपल्यासारखाच.

हे चालतं कसं? कोपऱ्यावरच्या टपरीवर कंपनीचा एजंट बसलेला असतो. त्याच्याकडे रोख द्यायची, ती आपल्या नंबरावर जमा होते. मग साध्या बटणांच्या फोनवरून, इंटरनेट नसतानाही, आकडे दाबून दुसऱ्याच्या नंबरावर पाठवायची. तो त्याच्या गावातल्या एजंटाकडून रोख घेतो, त्याचं थोडं शुल्क कापलं जातं. बँकेची शाखा कोसभर नव्हे, दिवसभराच्या वाटेवर असते तिथे ही केवढी सोय! मापुतोत कामाला गेलेला नवरा घरी पैसे पाठवतो, ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती न देता थेट बायकोच्या फोनवर येतात. आपल्या कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरवर किती घरं चालली, तसंच हे. आपल्याकडेही याच नावाची सेवा काही वर्षं होती, २०१९ मध्ये ती बंद झाली, पण तोवर आपण दुसऱ्या ॲपांवर सरावलो होतो.

एक गोष्ट मात्र तिथे आणि इथे सारखीच. सिमकार्ड कुणाच्या नावावर आणि पिन कुणाला ठाऊक, यावर सगळं अवलंबून. पिन नवऱ्याला, मुलाला किंवा टपरीवाल्याला सांगून टाकला, तर फोन आपला असूनही पैसा आपला राहत नाही.

पाहुणे येतात, त्यांचा पैसा कुठे जातो?

मोझांबिकला सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा आहे. बाझारुतो बेटांजवळ समुद्रगाय दिसते, तोफो गावी पोहणारे लोक प्रचंड देवमुशी बघायला येतात. मोझांबिक बेटावर वास्को द गामा १४९८ मध्ये आपल्याकडे येताना थांबला होता. तिथली दगडी वस्ती १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. या भागातल्या मकुआ बायका एका झाडाचं खोड दगडावर पाणी घालून उगाळतात, अगदी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसं, आणि तो पांढरा 'मुसीरो' तोंडाला लावतात.

पण पर्यटक येऊन मोठ्या हॉटेलात राहिला आणि गेला, तर गावाच्या हाती काय? म्हणून गोरोंगोसा अभयारण्याचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. युद्धापूर्वी तिथे अडीच हजारांच्या आसपास हत्ती होते. हस्तिदंत विकून बंदुका घेतल्या गेल्या आणि युद्धानंतर जेमतेम दोनशे उरले. सुळे नसलेल्या हत्तिणींना कुणी मारलं नाही, म्हणून त्या वाचल्या, आणि त्यांच्या लेकीही बऱ्याचशा बिनसुळ्यांच्या जन्मल्या. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी हे मांडलं. २००४ पासून ग्रेग कार या अमेरिकन गृहस्थाच्या संस्थेने सरकारबरोबर हे जंगल पुन्हा उभं करायला घेतलं. त्यांनी जनावरांबरोबर माणसांचाही विचार केला. डोंगरावरच्या शेतकऱ्यांना कॉफी लावायला शिकवलं, बायकांना वनरक्षक म्हणून घेतलं, गावागावांत मुलींचे क्लब काढले. मुलींनी शाळा सोडू नये आणि लहान वयात त्यांचं लग्न लावू नये, हा त्या क्लबांचा हेतू. अठराच्या आतल्या लग्नाला बंदी करणारा कायदा मोझांबिकमध्ये २०१९ मध्ये झाला. पण कायदा कागदावर असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुलगी शाळेत टिकली तरच तो खरा.

हे सगळं एका फटक्यात विस्कटू शकतं. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने बैरा शहर झोडपलं, तेव्हा आपल्या नौदलाची जहाजं सुरुवातीलाच मदतीला पोचली होती. उत्तरेकडच्या काबो देलगादो प्रांतात २०१७ पासून हिंसाचार सुरू झाला, लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर शहरांत दंगली झाल्या. असं झालं की पर्यटक पहिल्यांदा पाठ फिरवतो, आणि हॉटेलात चादरी धुणारी बाई पहिल्यांदा घरी बसते.

तरी हा देश बायकांना दुबळा समजणारा नाही. ग्रासा माशेल स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री झाल्या. लुईझा दियोगु २००४ ते २०१० पंतप्रधान होत्या, त्याआधी अर्थखात्याच्या मंत्री. ७ एप्रिल हा स्वातंत्र्यलढ्यातल्या जोसिना माशेल यांचा स्मृतिदिन तिथे महिला दिन म्हणून पाळतात. वर बायका पोचल्या, पण तूर पेरणारीपर्यंत आणि काजू फोडणारीपर्यंत किती पोचलं, हा प्रश्न त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही.

आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. तुरीचा भाव बदलला की आपलं बजेट तर बघूच, पण बातमीत 'आयात' शब्द दिसला तर पान न उलटता दोन ओळी वाचू. बचत गटात एखादा दिवस फोनवरचे व्यवहार एकमेकींना शिकवू आणि पिन ज्याचा त्याच्यापाशीच ठेवू. काजू घेताना तो फोडणारीला रोज किती पडतो, हातमोजे मिळतात का, एवढं तरी विचारू. पुढच्या बैठकीला आमच्या गटाने हाच विषय घेतला आहे. तुम्हीही घेऊन बघा.