पिंपात मुरलेलं शहर

आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप असायचं. हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. मूळ शब्द 'पिपा'. बटाटा, पाव, चावी यांच्याबरोबर तोही आपला झाला. पत्र्याचं पिंप पुढे प्लास्टिकचं झालं. पोर्तुगालच्या पोर्तो शहराच्या परिसरात मात्र पिपा अजून लाकडीच आहे. त्यात पोर्ट वाइन मुरत पडलेली असते आणि व्यापाराच्या हिशेबात एक पिपा म्हणजे 550 लिटर.

दोरो नदी जिथे अटलांटिकला मिळते तिथे हे शहर उतारावर वसलं आहे. जुन्या पोर्तोची रंगीत, चिंचोळी घरं उत्तर काठावर. दक्षिण काठावर व्हिला नोव्हा दे गाया, लांबलचक कौलारू कोठारांचं गाव. मध्ये 1886 साली खुला झालेला लोखंडी, दुमजली लुईश पूल. पोर्ट वाइनची कोठारं पोर्तोत नाहीत, ती पूल ओलांडून गायात आहेत. द्राक्षं तर त्याहून लांब, नदीच्या वरच्या खोऱ्यात पिकतात. डोंगर, नदी आणि कोठार या तिन्हींनी मिळून ही वाइन घडवली आहे.

आधी डोंगर. दोरोच्या खोऱ्यात मातीपेक्षा दगड जास्त. हा दगड आपल्या जुन्या पाटीसारखा थराथरांचा. द्राक्षवेलीची मुळं त्या थरांच्या फटींतून पाण्याच्या शोधात खोल जातात. उतारावर दगडी बांध घालून पिढ्यान् पिढ्या पायऱ्या रचल्या गेल्या. थंडी कडक, उन्हाळा भाजून काढणारा. इथल्या वाइनला अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली आणि मागणीपाठोपाठ भेसळही आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर झाडाच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला. तेव्हा 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस पोंबाल याने एक कंपनी स्थापन केली, द्राक्षमळ्यांची हद्द आखली आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. एल्डरची झाडं उपटायचा हुकूमही निघाला. कायद्याने हद्द आखलेल्या जगातल्या अगदी पहिल्या वाइन-प्रदेशांत दोरोची गणना होते. 2001 पासून हे खोरं युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

सप्टेंबरात तोडणी होते. काही मळ्यांत आजही द्राक्षं 'लागार' नावाच्या उथळ ग्रॅनाइटच्या हौदात ओततात आणि पायांनी तुडवतात. सुरुवातीला माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एका ओळीत, मोजून पावलं टाकतात. मांडीपर्यंत जांभळा रस आणि पायाखाली थंड, निसरडा लगदा. साली पुरत्या पिळवटून निघाल्या की ओळ मोडते, अकॉर्डियन वाजू लागतो आणि हौदातच नाच सुरू होतो. माणसाच्या तळव्याने साल फुटते, बी फुटत नाही. म्हणून रंग पुरेपूर उतरतो आणि बियांचा कडवटपणा येत नाही.

रस आंबू लागतो. साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचंच तीव्र मद्य ओततात, चार भागांना एक भाग या बेताने. त्या मद्याचं बळ 77 टक्के. यीस्ट तिथेच मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली गोडी कायमची टिकते. साध्या वाइनपेक्षा पोर्ट गोड आणि जोरकस का, याचं उत्तर या एका क्षणात आहे.

मग नदी. भरलेली पिंपं गायाला आणायची 'राबेलो' नावाची सपाट तळाची, चौकोनी शिडाची आणि लांबलचक सुकाणूची होडी. तेव्हा दोरोला धरणं नव्हती. खळाळ, भोवरे, खडक यांतून ही वाट जायची. 1861 मध्ये अशाच एका धारेत होडी उलटली आणि दोरोचे नकाशे काढणारा जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला. त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फेरेरा वाचल्या. घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवलं, असं लोक सांगत आले आहेत. विधवा झाल्यावर मळ्यांचा कारभार हाती घेऊन या बाईंनी तो कितीतरी वाढवला. खोऱ्यात त्यांचं नाव आजही मायेने घेतात. 1964 च्या सुमारास राबेलोची मालवाहतूक थांबली. आता त्या होड्या कोठारांसमोर नांगरलेल्या असतात आणि 24 जूनला त्यांची शर्यत लागते.

आणि कोठार. खोऱ्यातल्या उकाड्यात वाइन लवकर म्हातारी होते. गायाला समुद्राची गार, दमट हवा आहे. म्हणून शतकानुशतकं ती इथेच मुरवली गेली. 1986 पर्यंत निर्यातही गायातूनच करावी लागे. आत शिरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. लाकडाचा, ओल्या दगडाचा आणि सुक्या मनुकांचा मिळून एक वास येतो. लाकडातून दरवर्षी थोडी वाइन उडून जाते. तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

इथे रूबी आणि टॉनी या दोन प्रकारच्या पोर्टचे पेले शेजारी ठेवून बघावेत. रूबी मोठ्या पिंपात किंवा टाकीत थोडी वर्षं राहते. तिला हवा कमी लागते, म्हणून ती माणकासारखी लाल आणि ताज्या फळांच्या चवीची. टॉनी लहान पिंपात वर्षानुवर्षं हवेशी बोलत मुरते. वीस वर्षांची टॉनी पेल्यात तिरकी धरली की मध्ये विटकरी आणि कडेला मधासारखी दिसते. चवीला अक्रोड, अंजीर, जळत आलेली साखर. फक्त उत्तम सालची व्हिंटेज मात्र दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढची कित्येक दशकं तिथेच वाढते.

पोर्तोचं जेवणही असंच भरदार. इथल्या लोकांना 'त्रिपैरू', म्हणजे आतडी खाणारे, म्हणतात. 1415 च्या सेउता मोहिमेसाठी शहराने चांगलं मांस जहाजांना दिलं आणि स्वतःसाठी आतडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. पांढऱ्या घेवड्यांबरोबर शिजवलेला तो पदार्थ आजही अभिमानाने वाढतात. फ्रान्सेझिन्या म्हणजे पावात मांसाचे थर, वर वितळलेलं चीज आणि बीअर-टोमॅटोचा गरम रस्सा. मासे खायचे तर शेजारच्या मातोझिन्यूशला, जिथे निखाऱ्यावर सार्डिन भाजतात. 23 जूनच्या रात्री संत जॉनच्या सणाला हाच धूर अख्ख्या शहरभर असतो आणि लोक प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर प्रेमाने टपली मारतात.

गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून गोड लाल वाइन पिण्याची सवय आपल्यातल्या अनेकांना आहे. पोर्तोला गेलात तर ती चव मनात ठेवून जा आणि मूळ चवीशी ताडून बघा. फक्त कोठारातला पेला पिऊन परतू नका. साव बेंतु स्थानकावरच्या निळ्या फरशांची चित्रं बघून दोरोची गाडी पकडा, खोऱ्यातल्या पिन्यावला उतरा आणि ते दगडी बांध डोळ्यांनी बघा. गायाच्या कोठारात त्यानंतर जा. आपल्याकडे लोणचं मुरू द्यावं लागतं हे आजी सांगते. पोर्तोच्या पिंपांनी तेच अडीचशेहून अधिक वर्षं सांभाळलं आहे. या शहराला किमान तीन दिवस द्या. त्याहून कमी वेळात ते मुरत नाही.