संगणकाचे फेरफार

घाटंजीच्या तहसील कचेरीत ज्याचे कधी काम पडले आहे, त्या शेतकऱ्याला फेरफार म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. जमीन वारसाने आली वा विकली गेली, की पटवारी गाव नमुना ६ मध्ये तिची नोंद घेतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुने नाव मात्र नाहीसे होत नाही, ते कंसात जाते, आणि फेरफाराच्या क्रमांकावरून हा बदल केव्हा व कोणत्या दस्ताने घडला, हे नातवालाही विचारता येते.

घरच्या संगणकावर फेरफार रोज होतात, परंतु असे दप्तर तेथे कोणी ठेवीत नाही. मराठी टंकलेखनाचे एखादे सॉफ्टवेअर बसवताना आपण दोनतीनदा ‘नेक्स्ट’ दाबतो आणि काम झाले असे समजतो. पण तेवढ्या अवधीत ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये त्याच्या फाइली उतरतात, ‘फॉन्ट्स’मध्ये अक्षरवळणे जातात, दडलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात त्याची टिपणे साठतात, आणि विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त अनेक नोंदी पडतात, ज्यांपैकी एखादी संगणक सुरू होताच तो प्रोग्राम आपोआप चालू करण्याचा हुकूमही असू शकते. पुढे सॉफ्टवेअर काढून टाकले तरी यांतले बरेच मागे उरते, आणि यंत्र मंदावले की दोष नेमका कशाचा याचा माग लागत नाही.

विंडोज स्वतः थोडीफार नोंद ठेवते. व्हिस्टापासून तिच्यात असलेल्या ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये कोणत्या दिवशी काय बसवले आणि काय बंद पडले, हे तारीखवार दिसते. मात्र जो प्रोग्राम रीतसर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवला, त्याच्या बसवण्याची नोंद होणारच कुठून? माझ्या मते खरा धोका तेथेच आहे.

सूक्ष्म तपास करायचा, तर पूर्वस्थिती आधीच टिपलेली हवी. ‘रेगशॉट’ या विनामूल्य साधनात सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी रजिस्ट्रीचे एक टिपण घ्यावे, बसवल्यावर दुसरे घ्यावे, आणि ‘कम्पेअर’ दाबावे, म्हणजे वाढलेल्या, वगळलेल्या व बदललेल्या नोंदींची यादी समोर येते; हवी ती फोल्डरेही तपासाला लावता येतात. पहिल्यांदा ती यादी पाहणारा बावरतो, कारण विंडोजही पार्श्वभूमीला अखंड काही लिहीत असते. म्हणून दोन टिपणांत थोडाच वेळ जाऊ द्यावा आणि अन्य प्रोग्राम बंद ठेवावेत.

फाइलीतला मजकूर बदलला का, हे मात्र तारखेवरून ठरवू नये, कारण तारीख सहज बदलता येते. त्यासाठी ‘हॅश’ आहे. विंडोजच्या ‘पॉवरशेल’ या आदेश-खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ हा आदेश दिला, की फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची, तिचे ६४ अंकाक्षरांचे चिन्ह मिळते, आणि मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ते चिन्ह पूर्णतः पालटते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि युजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली रचलेला ‘ट्रिपवायर’ हा प्रोग्राम याच तत्त्वावर उभा होता: महत्त्वाच्या फाइलींची चिन्हे आधी साठवायची, ती घुसखोराच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवायची, आणि वेळोवेळी ताडून पाहायची. आता कायद्यानेही ही रीत स्वीकारली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश लिहिण्याची जागा आहे.

तेव्हा वाचकहो, खरेदीखत, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका अशा ज्या फाइली संगणकात असतील, त्यांच्या हॅशची यादी आजच करा, ती छापून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा, आणि नवे सॉफ्टवेअर बसवाल तेव्हा त्याचे नाव, तारीख व बसवणाऱ्याचे नाव एका वहीत लिहीत चला.