विश्लेषण : कॉलेजमध्ये जातीवरून वेगळं वागवलं, तर तक्रार कुठे करायची?

यूजीसीचे २०१२चे नियम काय सांगतात? २०२६च्या नव्या नियमांना स्थगिती का मिळाली? आणि जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या खटल्यातून नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने काय लक्षात घ्यायला हवं?

इंजिनीअरिंगचे कॅप राउंड संपतात आणि कॉलेजच्या बोर्डावर प्रवेशाची यादी लागते. त्या यादीत नावापुढे एक कोड असतो. जीओपनएस, जीएससीएस, एलओबीसीएस, टीएफडब्ल्यूएस. बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. पण मी इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात निम्म्या वर्गाला एकमेकांचे कोड पाठ झाले होते. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमधले एक कर्मचारी तासाला आले आणि म्हणाले, 'एससी, एसटी, एनटीवाल्यांनी उभं राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म बाकी आहेत.' काही मुलं उभी राहिली. बाकीचे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यात मीही होतो.

त्या दिवशी कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, त्या कर्मचाऱ्यांचा हेतूही वाईट नसावा. पण जे घडलं ते नियमाने चुकीचं होतं, आणि तसा नियम देशात आहे हे त्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं. म्हणून हे विश्लेषण.

भेदभाव म्हणजे नेमकं काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांमधील समतेसाठी नियमावली केली. तिची विशेष गोष्ट ही, की 'भेदभाव करू नये' एवढ्यावर ती थांबत नाही. रोजच्या कॉलेजात काय काय घडतं, त्याची जवळपास यादीच ती देते. त्यातल्या काही गोष्टी अशा :

- वर्गात विद्यार्थ्यांची जात, जमात, धर्म किंवा प्रांत जाहीर करणं
- एखाद्याला 'रिझर्व्हेशनवाला' असं लेबल लावणं
- अभ्यासात मागे पडण्याचं कारण म्हणून जातीकडे किंवा सामाजिक पार्श्वभूमीकडे बोट दाखवणं
- प्रयोगशाळेत येऊ देणं, पण काम न देता नुसतं उभं ठेवणं
- शिक्षकांना भेटण्यासाठी कुणाला कमी, कुणाला जास्त वेळ देणं
- वाचनालयात, मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर वेगळं बसवणं किंवा वेगळं वागवणं

पहिला मुद्दा वाचला की स्कॉलरशिपसाठी वर्गात उभं करण्याचा प्रकार कुठे बसतो ते कळतं. फॉर्मची आठवण मेसेजवर किंवा ऑफिसात बोलावूनही देता येते.

'तुझा रँक किती?' हा प्रश्नही असाच. वरवर साधा, पण उत्तरातून समोरच्याचा प्रवर्ग काढता येतो. आयआयटी मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या दर्शन सोलंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. जातीय भेदभावाचा थेट पुरावा आढळला नाही, असं संस्थेच्या चौकशी समितीने म्हटलं. मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या. एकमेकांना जेईईचा रँक किंवा गेटचे गुण विचारणं योग्य नाही, कारण त्यामागे जात जाणून घेण्याचा प्रयत्न असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं.

नगर जिल्ह्यात याची चर्चा का हवी?

क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरातून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुलं राजूर, संगमनेर, लोणी, नगरला शिकायला येतात. पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं येतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठात राज्यभरातली मुलं येतात. यातल्या कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस असतं.

शिक्षणाचे दरवाजे उघडण्याचा या जिल्ह्याचा इतिहासही जुना आहे. सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच शहरात. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं, त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची कॉलेजं श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जतमध्ये आहेत. 'बलुतं' लिहिणारे दया पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे.

आणि याच जिल्ह्यात खर्डाही आहे.

खर्ड्यात काय घडलं होतं?

२८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण समाजातल्या मुलीशी बोलल्याच्या रागातून त्याला शाळेच्या आवारातच मारहाण झाली, तिथून नेऊन त्याला ठार मारण्यात आलं आणि मृतदेह झाडाला लटकवला, असा आरोप होता. घटना दिवसाढवळ्याची, सुरुवात शाळेतून.

खटला अहमदनगरच्या सत्र न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले होते. त्यात शाळेशी संबंधित लोकही होते.

खर्ड्याची घटना आणि कॉलेजातला टोमणा यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखा आहे : ज्यांनी पाहिलं, ते बोलतात का? ज्याच्यावर अन्याय झाला तो सांगतो, तेव्हा त्याच्या बाजूने दुसरा आवाज उठला नाही, तर 'पुरावा नाही' एवढंच कागदावर उरतं.

जुने नियम असताना नवे कशासाठी?

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली गुन्हा दाखल झाला. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आयुष्य संपवलं होतं.

या दोघांच्या आया, आबेदा तडवी आणि राधिका वेमुला, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२चे नियम कागदावरच राहिले आहेत, त्यांची नीट अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी. याच याचिकेच्या सुनावणीदरम्यान यूजीसीने नव्या नियमांचं काम हाती घेतलं आणि १३ जानेवारी २०२६ रोजी ते अधिसूचित केले.

नव्या नियमांत प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र, समता समिती आणि २४ तास हेल्पलाइनची तरतूद होती. तक्रार आल्यावर समितीने २४ तासांत बैठक घ्यायची आणि १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा होता.

वाद झाला तो एका व्याख्येवरून. जातीआधारित भेदभाव म्हणजे एससी, एसटी आणि ओबीसींविरुद्धचा भेदभाव, असं नियमांत म्हटलं होतं. यात खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना संरक्षण नाही आणि खोट्या तक्रारींना आळा नाही, असा आक्षेप घेत देशभर आंदोलनं झाली. नियमांच्या समर्थकांचं म्हणणं, जातीचा त्रास ज्यांना होतो त्यांचंच नाव नियमात असणार. २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमांना अंतरिम स्थगिती दिली आणि तोवर २०१२चेच नियम लागू राहतील, असं स्पष्ट केलं.

नव्या नियमांवर इतका गदारोळ झाला, की जुने नियम त्या आदेशाने जिवंत राहिलेत, हीच बातमी मागे पडली.

मग तक्रार करायची कशी?

१. कॉलेजात : २०१२च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा. तक्रार लेखी द्या. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं, हे लिहा. पोच घ्या, किंवा ईमेल करा म्हणजे नोंद राहते. तक्रारीवर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तो मान्य नसेल तर ९० दिवसांत संस्थाप्रमुखांकडे अपील करता येतं. अधिकाऱ्याचं नाव कुठेच सापडत नसेल, तर तेच प्राचार्यांना लेखी विचारा.

२. रॅगिंग असेल तर : महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केलं, तर तोही रॅगिंगला साथ दिल्याचा दोषी ठरतो. विद्यार्थ्याशिवाय पालक आणि शिक्षकही ही तक्रार करू शकतात. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन : १८००-१८०-५५२२.

३. पोलिसांत : पीडित विद्यार्थी एससी किंवा एसटी असेल आणि त्रास देणारा या प्रवर्गांतला नसेल, तर १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमान करणं किंवा जातिवाचक शिवीगाळ हा त्यात गुन्हा आहे. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६६.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूजीसीचे नियम उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत, कनिष्ठ महाविद्यालयांना ते लागू नाहीत. रॅगिंग आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कायदे तिथेही लागू आहेत.

कायद्यात 'तिसरा माणूस' इतका महत्त्वाचा का?

'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांवर बरंच काही अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड या प्रकरणात सांगितलं, की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमाखाली येत नाही. म्हणजे बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं सिद्ध करणं अवघड. वर्गात, मेसमध्ये, हॉस्टेलच्या व्हरांड्यात ऐकणारे असतात. पण ते 'आम्ही काही ऐकलं नाही' म्हणाले, तर भरलेला वर्गही बंद केबिनसारखाच.

साक्षीदारांसाठीही तरतूद आहे. २०१५च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आलेल्या कलम १५-अ नुसार पीडितांसोबत साक्षीदारांनाही संरक्षण मागण्याचा हक्क आहे.

अर्थात, प्रत्येक वेळी कोर्टापर्यंत जावं लागेल असं नाही. मित्राच्या तक्रारीवर 'मी तिथे होतो' असं लिहून सही करता येते. ग्रुपवर जातीवरून मीम आलं, तर स्क्रीनशॉट जपून ठेवता येतो. वर्गात कुणी प्रवर्ग पुकारायला लागलं, तर 'सर, यादी मेसेजवर टाका ना' एवढं म्हणता येतं.

हे शेवटचं वाक्य त्या दिवशी माझ्या वर्गात कुणीही म्हणू शकलं असतं. आम्ही साठ जण होतो.

नवं वर्ष सुरू होताना कॉलेजच्या वेबसाइटवर फीचं पान सगळेच बघतात. त्याच वेळी आपल्या कॉलेजचा भेदभावविरोधी अधिकारी कोण, हेही एकदा शोधा. नाव सापडलं तर वर्गाच्या ग्रुपवर टाका. सापडलं नाही, तर पहिला अर्ज कशासाठी करायचा ते ठरलंच.