तबकडीचा आतला काठ

कृष्णविवर जवळ येईल ते गिळतं, ही समजूत इतकी रुजली आहे की त्याच्या शेजारी आलेला वायू सहजासहजी आत पडत नाही, हे पटायला वेळ लागतो. निरा डाव्या कालव्याचं पाणी वडगाव निंबाळकरच्या शिवारातून बारामती-इंदापूरकडे जातं ते उताराच्या बळावर. कृष्णविवराभोवतीच्या वायूला मात्र नुसता उतार पुरत नाही. सोबतच्या ताऱ्याकडून येताना त्याने कोनीय संवेग आणलेला असतो आणि तो बाहेरच्या थरांकडे सोपवल्याखेरीज आतला थर पुढे सरकत नाही. म्हणून वायूची फिरती तबकडी बनते. १९७३ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव्ह यांनी तिचं गणित मांडलं, पण थरांमधलं घर्षण येतं कुठून, हा प्रश्न त्यांनी एका स्थिरांकात बांधून ठेवला. त्याचं समाधानकारक उत्तर १९९१ मध्ये मिळालं. फिरत्या वायूतलं क्षीण चुंबकीय क्षेत्रही प्रवाह अस्थिर करून संवेग बाहेर पोचवतं, हे बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं.

कृष्णविवराचं फिरणं प्रकट होतं ते आतल्या काठाशी. गरुड तारकासमूहातलं, सुमारे २८ हजार प्रकाशवर्षं दूरचं जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर साधारण बारा सूर्यांच्या वस्तुमानाचं. ते फिरत नसतं, तर स्थिर कक्षा केंद्रापासून सुमारे ११० किलोमीटरवर संपल्या असत्या. कमाल वेगाच्या नऊ दशांशाने फिरत असेल, तर वायू जवळपास ४३ किलोमीटरपर्यंत टिकतो. या अंतरावर फार काही अवलंबून आहे. न फिरणाऱ्या विवराभोवती वायूच्या वस्तुमानाचा सुमारे ५.७ टक्के भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो, कमाल वेगाने फिरणाऱ्याभोवती जवळजवळ ४२ टक्के. हायड्रोजनच्या ज्वलनातून सूर्याला मिळतात ते जेमतेम ०.७ टक्के. माझं म्हणणं असं, की विवराची फिरकी मोजायची तर या प्रवाहाचं नुसतं तापमान मोजून भागणार नाही, त्याचा ठेकाही ऐकायला हवा.

यावर आक्षेप घेण्यासारखा आहे. २००६ मध्ये दोन गटांनी याच विवराच्या क्ष-किरणांतून तापमानाच्या आधारे फिरकी काढली. कमाल फिरकी १ धरली, तर एकाला सुमारे ०.७ मिळाली, दुसऱ्याला ०.९८ च्या वर. शिवाय काठ नेहमी शेवटच्या स्थिर कक्षेवरच असतो, हे या पद्धतीचं गृहीतक. हे विवर तर त्याबाबतीत भलतंच चंचल. १९९६ मध्ये भारतीय उपग्रहावर गेलेल्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने घडलेल्या उपकरणांनी त्याचे सावकाश चढणारे आणि झटकन उतरणारे क्ष-किरणांचे उमाळे टिपले. आतला भाग रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. काठच जागेवर राहत नसेल, तर फिरकीवर विश्वास कसा ठेवावा?

माझ्या मते काठ हलतो म्हणूनच पडताळा शक्य होतो. २८ सप्टेंबर २०१५ ला निघालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने क्ष-किरणांचा विस्तृत पट्टा आणि त्यांतले क्षणाक्षणाचे चढउतार एकाच वेळी नोंदवले. त्यांचा अभ्यास करून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रणजीव मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये काठाचं अंतर, आत येणारा ओघ आणि सेकंदाला ३.४ ते ५.४ वेळा होणारी आंदोलनं, म्हणजे तो ठेका, शेजारी शेजारी मांडली. नुसत्या अंतराशी ताडून पाहिलं, तर बिंदू विखुरतात. ओघही जमेस धरला, की ते नीट एका रेषेत येतात. यामागे कारण आहे. इतक्या आत वायूपेक्षा प्रकाशाचा दाब वरचढ असतो. ओघ वाढला की तबकडी जाड होते आणि तिच्यातून जाणाऱ्या दाबलहरीचा वेग वाढतो. सापेक्षतावादी तबकडीच्या जुन्या सूत्रात हे आधीच होतं, आणि फिरकी ०.९ च्या आसपास धरली तर ते निरीक्षणांशी जुळतं. एका विवराच्या एका अवस्थेवर एवढा भार टाकू नये, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. २०१८ पासून जीआरएस १९१५+१०५ क्ष-किरणांत बरंच मंदावलं आहे, त्यामुळे हीच कसोटी आता इतर विवरांना लावायला हवी.