देवदीपावली

कार्तिक शुद्ध पौर्णिमेस सायंकाळी वाराणसी येथे गंगेच्या घाटांवर साजरा होणारा दीपोत्सव. महाराष्ट्रात हीच तिथी त्रिपुरी पौर्णिमा म्हणून प्रसिद्ध आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांची सोने, रुपे व लोखंड यांची तीन नगरे शिवाने एकाच बाणाने जाळली आणि देवांनी आनंदाने दीप उजळले, अशी यामागील कथा आहे. त्रिपुरदाहाची कथा महाभारताच्या कर्णपर्वात विस्ताराने आली आहे.

नावातील साम्यामुळे मराठी प्रवाशाची फसगत होण्याचा संभव असतो. मराठी पंचांगांत व दिनदर्शिकांत ‘देवदिवाळी’ किंवा ‘देवदीपावली’ ही नोंद मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस आढळते. त्या दिवशी कुलदैवत व ग्रामदैवते यांना नैवेद्य दाखवितात. वाराणसीचा उत्सव त्यापूर्वी सु. पंधरा दिवस होऊन गेलेला असतो. २०२५ मध्ये वाराणसीची देवदीपावली ५ नोव्हेंबर रोजी झाली, तर मराठी देवदिवाळी २१ नोव्हेंबर रोजी होती. म्हणून दिनदर्शिकेत ‘त्रिपुरी पौर्णिमा’ हीच नोंद पहावी. उत्तरेतील पौर्णिमान्त व महाराष्ट्रातील अमान्त अशा दोन्ही मासगणनांत ही पौर्णिमा कार्तिकाचीच असते. गणनेतील भेद फक्त कृष्णपक्षाच्या नावापुरता आहे.

दीपोत्सवास प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या सु. दोन तासांत, पौर्णिमा असावी असा संकेत आहे. पौर्णिमा दोन दिवसांत विभागली गेल्यास प्रश्न उद्‌भवतो. २०२२ मध्ये ८ नोव्हेंबरला चंद्रग्रहण होते आणि उत्सव ७ नोव्हेंबरला झाला. २०२३ मध्ये पौर्णिमा २६ नोव्हेंबरच्या दुपारी लागून २७ च्या दुपारी संपली. तथापि घाटांवरील मुख्य उत्सव २७ नोव्हेंबरला पार पडला. यावरून केवळ पंचांगावर विसंबता येत नाही, हे स्पष्ट होते. स्थानिक प्रशासनाने जाहीर केलेला दिवस निश्चित करून घ्यावा आणि शक्य तर पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून तीन दिवसांचा मुक्काम ठेवावा. २०२६ मध्ये ही पौर्णिमा २४ नोव्हेंबर रोजी आहे.

वाराणसीस गंगा उत्तरवाहिनी असून अस्सी ते राजघाट असे सु. सहा किमी. लांबीचे घाट तिच्या पश्चिम तीरावर चंद्रकोरीसारखे पसरले आहेत. घाटांचे मुख पूर्वेकडे असल्याने सूर्यास्ताच्या सुमारास पैलतीरावर पूर्णचंद्र उगवतो व त्याच वेळी पायऱ्यांवरील पणत्या उजळतात. नोव्हेंबरात येथील सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे नागपूरपेक्षा सु. वीस मिनिटे आधी होतो. घाटावर किंवा नावेत बसावयाचे असल्यास चार वाजण्यापूर्वी पोहोचणे श्रेयस्कर. पायऱ्यांवरून चंद्रोदय व नदी दिसते. घाटांची संपूर्ण दीपपंक्ती मात्र नावेतूनच दृष्टीस पडते. त्या दिवशी नावेचे भाडे अनेक पटींनी वाढते, म्हणून ते आधी ठरवावे. क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेल्या नावेत बसू नये आणि जीवरक्षक जाकीट आवर्जून घालावे. पंचगंगा व दशाश्वमेध घाटांवर गर्दी सर्वाधिक असते. वृद्ध व मुले सोबत असल्यास कडेचे घाट निवडावेत.

उत्सवाचे आजचे भव्य रूप अलीकडचे आहे. सु. १९८५ पासून पंचगंगा घाटावरून ते इतर घाटांवर पसरत गेले. मूळ परंपरा मात्र जुनी असून तिच्याशी मराठी माणसांचा निकटचा संबंध आहे. पंचगंगा घाटावरील ‘हजारा’ हा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांनी उभारल्याचे सांगतात. याच घाटावर कार्तिकात बांबूच्या टोकाशी टोपलीत आकाशदीप लावतात. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट हेही याच दीपपंक्तीत उजळतात. दशाश्वमेध घाटावर हुतात्मा जवानांना दीपांजली वाहतात.

नागपूरहून इटारसी, जबलपूर व प्रयागराज या मार्गाने वाराणसीस जाता येते. काही गाड्या वाराणसीस न जाता गंगेपलीकडील पंडित दीनदयाळ उपाध्याय (पूर्वीचे मुगलसराय) स्थानकावर थांबतात. नागपूर–नागभीड ही अरुंदमापी लोहमार्गावरील गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाल्यावर भिवापूरच्या प्रवाशास उमरेडमार्गे रस्त्यानेच नागपूर गाठावे लागू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. म्हणून गणेशोत्सवाच्या सुमारासच तिथी पाहून ठेवणे इष्ट होय.

दीप सोडण्यासाठी पानांचा द्रोण, कापसाची वात व थोडे तेल किंवा तूप एवढे पुरते. थर्माकोल व प्लॅस्टिकचे द्रोण पाण्यात कुजत नाहीत. ज्या नदीचे पूजन करावयाचे तिलाच ते दूषित करतात.

ज्यांना दूरचा प्रवास शक्य नाही, त्यांना नागपूर जिल्ह्यातच रामटेकच्या गडावर त्याच रात्री त्रिपूर पाजळताना पाहता येतो. तेथे नदीचा घाट नाही, टेकडी आहे. पण तिथी व कथा एकच आहेत.