फर्मागुडीची चढण आणि सायकलीचा हप्ता

२०२४ सालच्या जून महिन्यातील एका रविवारी रात्री इंग्लंडहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो तेथील सरकारी आरोग्यसेवेत निवासी डॉक्टर आहे. आवाजात उत्साह मावत नव्हता. "मामा, दोन हजार पौंडांची कार्बनची रेसिंग सायकल मला अकराशे साठ पौंडांत मिळते आहे. घेऊ ना?" रुग्णालयात जाण्या-येण्यासाठी त्याला सायकल हवी होती, आणि ती स्वस्तात देणारी एक योजना त्याच्या हाती लागली होती.

मी लगेच होकार दिला नाही. त्याचे कारण आमच्या घराच्या पडवीत खिळ्याला टांगलेले होते. त्याविषयी पुढे सांगतो. आधी त्या योजनेविषयी. आपल्या संघटनेतील अनेक सभासदांची मुले आज इंग्लंडमध्ये नोकरी करीत आहेत, त्यांना ही माहिती उपयोगी पडावी.

इंग्लंडची योजना

ब्रिटिश सरकारने १९९९ सालच्या वित्त कायद्यान्वये ही करसवलत सुरू केली. नोकराने सायकल थेट विकत घ्यायची नाही. ती मालक घेतो आणि नोकराला ठरावीक मुदतीसाठी, बहुधा एक वर्षासाठी, वापरायला देतो. तिचे भाडे दरमहा पगारातून कापले जाते. ही कपात कर आकारण्यापूर्वीच्या पगारातून होत असल्याने तेवढ्या रकमेवरचा प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ता वाचतो. सामान्य दराने कर भरणाऱ्याचे २०२४ च्या दरांनुसार शंभरातले अठ्ठावीस पौंड वाचतात, वरच्या दराने भरणाऱ्याचे बेचाळीस. माझा भाचा दुसऱ्या गटातला, म्हणून दोन हजारांचे अकराशे साठ. हेल्मेट, दिवे, कुलूप हे साहित्यही या योजनेत बसते. पूर्वी बहुतेक मालक एक हजार पौंडांची मर्यादा पाळीत; २०१९ मधील नव्या मार्गदर्शनानंतर ती ओलांडणे सोपे झाले.

मी भाच्याकडून अटींचा कागद मागवून घेतला. तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, वर्ष संपल्यावर सायकल आपोआप आपली होत नाही. ती आपल्या नावावर करून घेण्यासाठी वेगळी रक्कम भरावी लागते. भाड्याची मुदत वाढवून चार वर्षांनी घेतल्यास, पाचशे पौंडांहून महाग सायकलीसाठी ती मूळ किमतीच्या सात टक्के धरली जाते. दुसरी, सवलतीच्या दरात लावलेल्या मालावर काही दुकाने ही योजना स्वीकारीत नाहीत. मागील वर्षीचे मॉडेल रोखीने घेणे कधी कधी अधिक स्वस्त पडते. तिसरी अट आपल्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मुदत संपण्यापूर्वी नोकरी सोडल्यास उरलेले हप्ते कर कापून झालेल्या पगारातून वळते होतात. म्हणजे त्या रकमेपुरती सवलत बुडाली.

मी त्याला विचारले, "ऑगस्टमध्ये तू कुठे असशील?" फोनवर क्षणभर शांतता. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या बदल्या तिकडे ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी होतात, आणि रुग्णालय बदलले की पुष्कळदा मालकही बदलतो. जूनमध्ये करार करून ऑगस्टमध्ये रुग्णालय सोडणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हे त्याने त्या हिशेबात धरलेलेच नव्हते.

पडवीतली सायकल

आता खिळ्याला टांगलेल्या सायकलीची गोष्ट. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामार येथे आयर्नमॅन शर्यत भरली. गोव्यात ती प्रथमच होत होती. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. वय एक्कावन्न, पोट सुटलेले, रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली. त्या सायकलस्वारांना पाहून मन उचंबळून आले. आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी काय करून दाखवले होते तेही आठवत होते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. महिनाभरात मी एक जुनी रेसिंग सायकल विकत घेतली. किंमत परवडणारी, रंग देखणा. याखेरीज मी काहीही पाहिले नाही.

माझे घर म्हार्दोळला, दवाखाना फोंड्यात. अंतर सातेक किलोमीटर, पण मधे फर्मागुडी आहे. पहिल्याच सकाळी अर्ध्या चढणीवर माझा दम संपला. मी उतरून सायकल ढकलू लागलो. समोरून येणाऱ्या एका जुन्या रुग्णाने स्कूटर थांबवून आस्थेने विचारले, "दोतोर, पंक्चर जालें काय?" मी "हो" म्हणालो. रुग्णाशी खोटे बोलल्याची ती नोंद अजून मनात आहे.

आठ महिन्यांनी पहिल्याच पावसात, रस्त्यावर वाहून आलेल्या जांभ्याच्या लाल चिखलावरून ते बारीक टायर घसरले. हाताचे तळवे आणि गुडघे सोलवटले. हाड वाचले ते दैव. सायकल खिळ्याला गेली आणि दोन वर्षे तिथेच राहिली. दोष सायकलीचा नव्हता. ती सपाट, कोरड्या, गुळगुळीत रस्त्यासाठी आणि पंचविशीतल्या शर्यतपटूसाठी बनवलेली होती.

दुसरी खरेदी

२०२२ मध्ये मी पुन्हा सायकल घेतली, ती मात्र रुग्ण तपासावा तशी तपासून. त्यातून शिकलो ते थोडक्यात मांडतो.

सर्वांत आधी गिअर. जुन्या सायकलीच्या पुढच्या लहान चक्राला एकोणचाळीस दात होते, मागच्या मोठ्यात मोठ्या चक्राला पंचवीस. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवायचे म्हटले तरी ताशी सुमारे बारा किलोमीटरचा वेग राखणे भाग पडे. चढणीवर तो मला झेपणे शक्यच नव्हते. नव्या सायकलीत पुढे चौतीस आणि मागे बत्तीस दात आहेत. तेवढ्याच फेऱ्यांत वेग आठ किलोमीटर होतो, आणि शरीराला पुरवावी लागणारी शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. शिमानो कंपनीच्या क्लॅरिस या स्वस्त संचातही अशी जोडणी मिळते. महागडा संच चढण सोपी करीत नाही. दातांची संख्या करते.

दुसरे, टायर. शर्यतीचे तेवीस मिलिमीटरचे टायर आपल्या खड्ड्यांसाठी नव्हेत. किमान अठ्ठावीस, शक्यतो बत्तीस मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा फ्रेममध्ये हवी. तिसरे, ब्रेक. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चाकाच्या कडेला धरणारे ब्रेक पाण्यात ढिले पडतात आणि लाल चिखल ती कड झिजवून टाकतो. तारेवर चालणारा साधा डिस्क ब्रेकही आपल्या पावसात अधिक भरवशाचा. चौथे, मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला भोके आहेत ना, हे पाहावे. शर्यतीच्या कित्येक सायकलींना ती नसतात. मग दवाखान्यात पोचलेल्या डॉक्टरच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते.

पाचवे आणि आम्हा डॉक्टरांना सहज कळावे असे, ते म्हणजे माप. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मधे पुस्तक घट्ट धरून जमिनीपासूनची उंची मोजावी. तिला ०.८८ ने गुणले की पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची अंदाजे कळते. मग गुडघ्यांच्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. ज्यांची मान किंवा कंबर आधीच कुरकुरते त्यांनी फार खाली वाकवणारे हँडल टाळावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी चढणीला भिडण्यापूर्वी स्वतःची तपासणी करून घ्यावी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

शेवटी पैसा. पन्नास हजारांची ऐपत असेल तर चव्वेचाळीस हजारांची सायकल पाहावी. उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि वर्षातून दोनदा करायची दुरुस्ती बसते. कार्बनऐवजी ॲल्युमिनियमची फ्रेम घ्यावी. आपल्या दमट हवेत ती गंजत नाही, आणि एखाददुसरा किलो वजन वाचवायचे असेल तर ते स्वतःच्या पोटावरून वाचवणे फुकट पडते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तोही हातभार मोठा आहे.

भाच्याला मी हेच सांगितले. त्याने ऑगस्टपर्यंत दम धरला आणि नव्या रुग्णालयात, पूर्ण वर्षाची नेमणूक हातात आल्यावर, नऊशे पौंडांची ॲल्युमिनियमची सायकल याच योजनेतून घेतली. दोन हजारांवरची सवलत मोठी दिसते खरी, पण अकराशे साठ पौंड खिशातून जातातच. नऊशेंच्या सायकलीला त्याचे सुमारे सव्वापाचशे गेले.

ज्याला खरी गरज

हा लेख इथेच संपला असता. परंतु त्या योजनेतली एक गोष्ट मला सलत राहिली. ज्याचा पगार मोठा त्याला बेचाळीस टक्के, ज्याचा मध्यम त्याला अठ्ठावीस. आणि ज्याचा पगार किमान वेतनाच्या काठावर आहे त्याला बहुधा काहीच नाही, कारण कपातीनंतर पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये. म्हणजे सायकलीवाचून ज्याचे सर्वांत अधिक अडते तोच दाराबाहेर.

त्याच सुमारास आमच्या दवाखान्यात औषधे देणारी मुलगी नोकरी सोडते म्हणाली. कामाबद्दल तिची तक्रार नव्हती. संध्याकाळचा दवाखाना साडेआठला मिटतो आणि तिचे घर शहरापासून चार किलोमीटरवरच्या वाड्यावर. त्या वेळी बसचा भरवसा नाही. रोज भावाने न्यायला यायचे, तर त्याचीही नोकरी. मी म्हटले, "सायकल चालवतेस?" ती म्हणाली, "शाळेत असताना चालवायची, सर. पण आता एकदम एवढे पैसे कुठून आणू?"

मी पाच वर्षांत स्वतःसाठी दोन सायकली घेतल्या होत्या. दारासमोर उभ्या असलेल्या या माणसाला सायकलीची गरज आहे, हे मला इंग्लंडचा कागद वाचेपर्यंत सुचले नव्हते. याची लाज वाटली.

आपल्याकडे अशी करसवलत नाही. पण तिचा गाभा, म्हणजे मालकाने आधी पैसे भरायचे आणि पगारातून हळूहळू वळते करायचे, हा आपल्याला नवा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सायकलीसाठी बिनव्याजी उचल मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये, ती बंद झाली. टपाल खात्यातील आणि रेल्वेतील ठरावीक कर्मचाऱ्यांचा सायकल भत्ता मात्र २०१७ मध्ये नव्वद रुपयांवरून दरमहा एकशे ऐंशी करण्यात आला. सरकारने सोडून दिलेली ती उचल छोट्या दवाखान्याला सहज देता येते.

मी तिला आठ हजारांची उचल दिली. व्याज नाही; दरमहा पाचशे कापायचे, सोळा महिने. सायकल पहिल्या दिवसापासून तिच्या नावावर. नोकरी सोडल्यास उरलेले हप्ते माफ, ही अट मी मुद्दाम लिहून दिली, म्हणजे सायकल ही बेडी होऊ नये. निवड तिने केली. मी गिअरविषयी सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, "माझ्या वाटेवर चढण नाही, सर. मला पुढे टोपली हवी आणि दिवा चांगला हवा." मी गप्प बसलो. वर दोन पाने भरून मी जे सांगितले, त्याचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते: आधी वाट पाहावी, मग सायकल.

ती मुलगी अद्याप आमच्याकडेच आहे. शेवटचा हप्ता कधीच फिटला.

सायकलीने कामावर जाणाऱ्यांविषयीचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. अडीच लाखांहून अधिक लोकांच्या त्या पाहणीत सायकलस्वारांचा मृत्यूचा धोका एक्केचाळीस टक्क्यांनी कमी आढळला. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे. सायकल हेच एकमेव कारण, असे त्यावरून म्हणता येणार नाही. माझ्यापुरते सांगायचे तर रक्तदाबाची गोळी सुरूच आहे, मात्रा निम्मी झाली आहे, आणि फर्मागुडीवर मी आता उतरत नाही.

सभासद बंधु-भगिनींना एवढीच विनंती, की स्वतःसाठी सायकल जरूर घ्या, माप पाहून घ्या, दात मोजून घ्या. पण त्याआधी आपल्या दवाखान्यातील माणसे रात्री घरी कशी जातात, हे एकदा त्यांना विचारा.